होणाऱ्या सासऱ्याचं पुस्तक

ज्यांना पुस्तक वाचायचा कंटाळा असतो तीच माणसं पुस्तकं लिहितात, हे मला ऐन विशीत कळलं आणि त्यानंतर मत बदलावं असं आजतागायत काही घडलेलं नाही. त्या काळात आमच्या कोल्हापुरात जवळजवळ दर रविवारी कुठल्या ना कुठल्या सभागृहात एखाद्या पुस्तकाचं प्रकाशन असायचं. स्टेजवर फेटे बांधून बसलेली पाच-सात माणसं, समोर लेखकाचे पै-पाहुणे आणि मागच्या खुर्च्यांवर लेखकाच्या हाताखाली नोकरी करणारे, म्हणजे न येऊन ज्यांना चालण्यासारखं नव्हतं असे लोक. पुस्तकांच्या गठ्ठ्याला बांधलेल्या रिबिनीची गाठ कधीही सुटायची नाही. मग कात्री शोधली जायची, ती मिळायची नाही, आणि शेवटी कुणीतरी दातानं काम उरकायचं. प्रमुख पाहुणे माइकपाशी येऊन सांगायचे, की पुस्तक वाचायला सवड मिळाली नाही, पण येताना गाडीत चाळलं आणि थक्क झालो. याला लोक टाळ्या वाजवायचे. मी मागे बसून हे सगळं बघायची, कारण ते पुस्तक पुढच्या आठवड्यात माझ्याकडे परीक्षणाला येणार असायचं आणि अख्ख्या जिल्ह्यात ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणारी मी एकटीच असणार याची मला खात्री असायची. ही खात्री मला फार आवडायची. समारंभानंतरचा बटाटेवडा तेवढा चांगला असे.

आमचं घर शाहूपुरीत. खाली अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, गुळाची पेढी आणि वर आम्ही. सकाळपासून खाली गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, टाकल्याचे धपाधप आवाज, हमालांचे हाकारे, आणि सौदा सुरू झाला की अडत्यांचा असा गलका, की एखादा नवखा माणूस मारामारी सोडवायलाच धावला असता. घरात बारा महिने गांधीलमाश्या फिरायच्या आणि माझ्या सगळ्या पुस्तकांच्या कडा चिकट असायच्या. आम्ही लिंगायत. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी, आणि भांडण मात्र संपूर्ण मराठीत. आईला आम्ही कानडीप्रमाणे अव्वा म्हणायचो. सगळं गाव रविवारी तांबड्या-पांढऱ्या रश्श्यात बुडालेलं असताना आमच्याकडे कडक भाकरी, शेंगांची चटणी, तेलावर परतलेलं भरलं वांगं, आणि काही विशेष असलं तर गूळ घालून शिजवलेली गव्हाची हुग्गी. शेजारच्या घरातून मटणाचा वास यायचा आणि अव्वा खिडकी लावून घ्यायची. मी जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर वाचत बसायची, कारण उजेड तिथेच होता. येता-जाता अव्वा म्हणायची, "जिना हाय का वाचनालय? उठ की, भांडी खाली न्यायचीत." अण्णांना माझ्या वाचनाचा अभिमान होता, पण स्वतः ते वर्तमानपत्रातला गुळाचा दर सोडून काही वाचत नसत. कपाळाला विभूती लावून, पेढीवर पेपर पसरून ते मोठ्या अक्षरांवरून नुसती नजर फिरवायचे. अण्णांना अक्षरं आवडायची, वाक्यं नाही.

परीक्षणं लिहायचं काम मला मिळालं तेही संतापातूनच. मी बी.ए.ला होते. आमच्याकडे येणाऱ्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत एका नव्या कादंबरीचं परीक्षण आलं होतं, आणि ते लिहिणाऱ्या प्राध्यापकांनी नायकाच्या मृत्यूनं आपण व्याकूळ झाल्याचं लिहिलं होतं. मी ती कादंबरी नुकतीच वाचली होती. नायक शेवटच्या पानावर धडधाकट होता आणि ट्रॅक्टर चालवत घरी निघाला होता. मी तशीच उठून त्या दैनिकाच्या कचेरीत गेले. पुरवणीचे संपादक हर्षे नावाचे गृहस्थ होते. तपकिरीची चिमूट नाकाशी धरून त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे बघा बाई, प्राध्यापक मजकूर पाठवतात, मी छापतो. कोण मेलं आणि कोण जगलं हे बघायला मला वेळ नाही. तुम्हाला वाचायची एवढी हौस असेल तर ही न्या." आणि त्यांनी कपाटातून पुस्तकांचा गठ्ठा काढून माझ्यापुढे ठेवला. जाताना परीक्षण कसं लिहायचं हेही सांगितलं. प्रस्तावनेतून विषय उचलायचा, मधला एक उतारा द्यायचा, मुखपृष्ठ समर्पक म्हणायचं, छपाई सुबक म्हणायची आणि पुस्तक संग्रही ठेवण्याजोगं आहे असं म्हणून थांबायचं. मथळा ते स्वतः द्यायचे, शुक्रवारी, सगळ्या परीक्षणांना एका बैठकीत, आणि त्यातलं एकही न वाचता. हे मला पुढे कळलं आणि चांगलंच महागात पडलं.

मी त्यांचा एकही नियम पाळला नाही. मी पुस्तकं वाचली, आणि जे वाटलं ते लिहिलं. जे वाटत होतं ते फारसं बरं नव्हतं. ज्यांचा पाय वर्षानुवर्षं चिखलाला लागला नव्हता असे लोक खेड्यावर कादंबऱ्या लिहीत होते, आणि त्यांच्या कादंबरीतला शेतकरी दर दोन पानांआड मातीचा वास घेत होता. आमच्या पेढीवर दिवसाला पन्नास शेतकरी यायचे. त्यांच्यापैकी एकालाही मी मातीचा वास घेताना बघितलं नाही. ते चहा मागायचे आणि दरावरून भांडायचे. पुण्यामुंबईकडून येणाऱ्या कादंबऱ्यांतल्या बायका खिडकीशी उभ्या राहून उदास व्हायच्या, आणि त्यांची भांडी कोण घासतं याचा पत्ता शेवटपर्यंत लागायचा नाही. पण आत्मचरित्रांची तऱ्हा याहून वरची. निवृत्त झालेला प्रत्येक माणूस लहानपणी अनवाणी शाळेत गेलेला. प्रत्येकाच्या वाटेत ओढा, ओढ्याला पूर. प्रत्येकाला एक गुरुजी भेटलेले आणि त्यांनी डोक्यावर हात ठेवलेला. पुढे नोकरी लागली की लबाड वरिष्ठ, निष्ठावान शिपाई, आणि अन्यायानं झालेली बदली. जिल्हाभरातल्या एवढ्या माणसांनी एकाच आयुष्यात दाटीवाटीनं दिवस काढले, याचं मला नवल वाटायचं. आता तर लेखक स्वतःच परीक्षण लिहून मोबाइलवर पाठवतात, खाली माझं नाव टाकूनच. तेव्हा निदान पुस्तक पोस्टानं यायचं आणि लबाडीला थोडे कष्ट पडायचे.

बी.ए.चा निकाल लागला आणि मला विद्यापीठात एम.ए.ला नाव घालायचं होतं. अण्णांनी मात्र पेठ वडगावचं स्थळ आणलं. मुलाचे वडील तिथलं बडं प्रस्थ. सगळे त्यांना आप्पासाहेब म्हणत. त्यांची शिक्षणसंस्था होती, दोन शाळा आणि एक ज्युनिअर कॉलेज, आणि मुलगा त्याच कॉलेजात शिकवायला होता. अण्णांच्या दृष्टीनं याहून चांगलं स्थळ पृथ्वीवर नव्हतं. आपल्यातली माणसं, शिकलेलं घर, आणि मुलगी पुस्तकवेडी तर सासरा पुस्तक लिहिणारा. आप्पासाहेबांचं आत्मचरित्र त्याच महिन्यात निघालं होतं. नाव होतं 'उसाच्या फडातून व्यासपीठाकडे'.

मुलगी बघायला ती मंडळी आली. आप्पासाहेब आमच्या छोट्या खोलीतही सभेत बोलावं तसे बोलत होते. खालचे हमाल मान वर करून बघायला लागले. मुलगा बापाच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता. आप्पासाहेबांच्या पत्नी, गंगाक्का, भिंतीला टेकून बसल्या होत्या. उंच, काळ्यासावळ्या, इरकली लुगड्यातल्या बाई. त्यांनी पोहे खाल्ले, घर बघितलं, मला बघितलं, आणि अख्ख्या कार्यक्रमात अव्वाला एवढंच म्हणाल्या, "शेंगदाणं ज्यादा झाल्यात."

"पोरगी पेपरात लिवती म्हणं," आप्पासाहेब म्हणाले.

"व्हय की. दर आयतवारी नाव येतंय," अण्णा म्हणाले.

"वाचतो न्हवं मी." ते वाचत नव्हते. वाचत असते तर त्यांनी पुढचं केलं नसतं. त्यांनी पिशवीतून पुस्तक काढलं आणि माझ्या हातात दिलं. "ह्याच्यावर एकदा झकास येऊ दे. हा पैला खंड हाय. दुसरा डोक्यात तयार हाय, पर आता डोळं साथ देत न्हाईत. पावणं, म्हणून तर आम्ही शिकलेली सून बघतोय. मी सांगत जाणार, ती लिवत जाणार. घरातलं काम घरात."

अण्णांचा चेहरा उजळला. लग्न कधी ना कधी करावं लागणार हे मला ठाऊक होतं, पण एखाद्या माणसाच्या बढाया रोज सकाळी शुद्धलेखनाची काळजी घेऊन उतरवत बसायचं, आणि त्याला संसार म्हणायचं, ही कल्पना मला सहनच होईना. पाहुणे जिना उतरले तसं अण्णांनी विचारलं, "मग? कसं वाटलं?"

"मला नको."

"का? पोरगं वाईट हाय?"

"पोराचं मला काय ठाऊक. ते बोललंच नाही."

"मग अडलंय कुठं?"

"पुस्तक वाईट आहे," मी म्हटलं. मी तोवर मधली दोन-तीन पानं वाचली होती.

अण्णांनी अव्वाकडे बघितलं. "ऐक, काय म्हणती बघ. अगं, बुकाबरोबर लगीन लावून देतोय व्हय तुझं?"

"दुसरा खंड मलाच लिहायचाय न्हवं."

"मग लिवायचा की. न्हाईतरी दिवसभर तेच करतीस. निदान घरच्या माणसाचं तरी हुईल." आणि त्यांच्यापुरता विषय संपला. आप्पासाहेबांच्या पुस्तकावर पेपरात छापून येऊ दे, मग साखरपुड्याची तारीख धरू, असं त्यांनी परस्पर कळवूनही टाकलं. पाहुण्यांकडे फळांची करंडी पाठवावी तसं त्यांना ते परीक्षण वाटत होतं. एम.ए.चं नाव काढलं की ते पेढीवर निघून जायचे.

तेव्हा मी ठरवलं, की नकार घरात ऐकत नाहीत तर पेपरात छापायचा. हजारो लोकांसमोर ज्याची अब्रू काढली तो माणूस आपल्याला सून करून घेणार नाही, एवढं साधं गणित होतं. मी ते पुस्तक जिन्यावर बसून अथपासून इतिपर्यंत वाचलं, पेन्सिल घेऊन. इतकं मन लावून मी परीक्षेचा अभ्यासही केला नव्हता. ओढा होताच, पूर होताच, गुरुजीही होते. आप्पासाहेब जिथे जातील तिथे लोक त्यांना आग्रह करत आणि ते नाइलाजानं अध्यक्ष होत. त्यांचे विरोधक आधी कारस्थान करत, मग आजारी पडत, आणि शेवटी दवाखान्यात आप्पासाहेबांचे हात हातात घेऊन माफी मागत. एवढं करून पुस्तक धड बांधलेलंसुद्धा नव्हतं. मधला एक अख्खा फर्मा, म्हणजे सलग सोळा पानं, गायब होती. आकडे उडी मारून पुढे गेले होते आणि वाक्य भलत्याच वाक्याला जाऊन चिकटलं होतं. पण मला खरा राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. बायकोचा उल्लेख साऱ्या ग्रंथात एकदाच होता, आभाराच्या पानावर, टंकलेखकाच्या आणि बाइंडरच्या नंतर. 'सौभाग्यवतींची साथ लाभली.' संपलं. ती भिंतीला टेकून बसलेली उंच बाई मला आठवली आणि माझी लेखणी आणखी चढली.

मी लिहिलं की हे आत्मचरित्र एका अशा गृहस्थांचं आहे ज्यांना आयुष्यात स्वतःखेरीज कुणीही भेटलेलं नाही. मी लिहिलं की यातली सोळा पानं छापखान्यात गहाळ झाली आहेत आणि बाकीची गहाळ झाली नाहीत याचं वाईट वाटतं. दवाखान्यात माफी मागणारे विरोधक पाहता लेखकाशी वैर धरणं प्रकृतीला घातक आहे, असंही लिहिलं. आणि शेवटी, ज्या बाईनं या माणसाला जन्मभर जेवू घातलं तिला अख्ख्या पुस्तकात एक ओळ देणाऱ्यानं दुसरा खंड लिहू नये, आणि कुणी लिहून देऊ नये, असं स्पष्ट म्हटलं. खोटं कशाला सांगू, लिहून झाल्यावर मला फार बरं वाटलं. आजही ते माझं सगळ्यात चांगलं परीक्षण आहे. हर्षेंच्या हातात मजकूर दिला तेव्हा त्यांनी शब्दसंख्या तेवढी बघितली.

रविवारी पुरवणी आली. पानाच्या माथ्यावर आप्पासाहेबांचा फेट्यातला फोटो, पुस्तकाचं मुखपृष्ठ, खाली माझं नाव, आणि या सगळ्यावर हर्षेंनी जाड टायपात दिलेला मथळा: 'एका कृतार्थ जीवनाचा सुगंधी दरवळ'.

मला वाटलं होतं दुपारपर्यंत घरात भूकंप होईल. अण्णांनी पेपर उचलला, मथळा वाचला, फोटो बघितला, माझ्या नावावर बोट ठेवलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते कात्रण कापून पेढीवरच्या टेबलाच्या काचेखाली घातलं. दिवसभर अडते येत होते, काचेवर वाकत होते आणि "लै भारी" म्हणून सौद्याला जात होते. मी अव्वाला म्हटलं, "अगं, वाच तरी त्यात काय लिहिलंय." ती पीठ मळत म्हणाली, "चांगलंच असंल की. पेपरात आलंय न्हवं." संध्याकाळी वडगावहून फोन आला. आप्पासाहेबांचा आवाज अण्णांच्या कानातून खोलीभर ऐकू येत होता. त्यांनी झेरॉक्स काढून दोन्ही शाळांच्या शिक्षकांना वाटायचं ठरवलं होतं. आठवड्यानं मुलगा पेढे घेऊन आला आणि म्हणाला, "आप्पांनी फ्रेम करून हॉलमध्ये लावलंय. छान लिहिलंय तुम्ही."

"वाचलंत?"

"हो, म्हणजे चाळलं."

मी त्या माणसाला चारचौघांत खोटारडा म्हटलं होतं आणि त्यानं ते भिंतीवर लावलं होतं. लोक वाचत नाहीत हे मी दर रविवारी लिहीत होते, त्यावर विनोद करत होते, पण त्याची प्रचीती माझ्याच लग्नात येईल असं मला वाटलं नव्हतं. साखरपुड्याची तारीख ठरली. विद्यापीठाचे प्रवेश बंद व्हायला आले. माझ्याकडे आता म्हणण्यासारखं काही उरलं नव्हतं, कारण जे म्हणायचं होतं ते छापून झालं होतं. मी जिन्यावर बसायची ती नुसतीच, पुस्तक न उघडता. मला रडू यायचं आणि त्या रडण्याचाही राग यायचा.

अशात एका दुपारी गंगाक्का एकट्याच आल्या. एस.टी.नं, पेरूंची पिशवी घेऊन. अव्वाची धांदल उडाली. तिनं हुग्गी चढवली आणि मला लुगडं बदलायला सांगितलं. गंगाक्का म्हणाल्या, "राहू दे लुगडं. सुनंची खोली बघून येतो." आमच्याकडच्या बायका येतो-जातो असंच म्हणतात, बाहेरच्यांना ते ऐकून हसू येतं. त्या माझ्या खोलीत आल्या, दार लोटलं, पुस्तकांच्या ढिगाकडे बघितलं आणि कॉटवर बसल्या.

"तुझं वाचलं मी," त्या म्हणाल्या.

मी दाराला कडी घातली.

"काच पुसताना वाचलं. फ्रेम रोज पुसाय लागती न्हवं, त्यांचा हुकूम हाय. पैल्या दिवशी निम्मं झालं, दुसऱ्या दिवशी ऱ्हायल्यालं."

"आणखी कुणी वाचलं घरात?"

"कुणी न्हाय. वाचणार बी न्हाईत. फोटो हाय, नाव हाय, वर दरवळ हाय. आनि काय पायजे?"

"राग आला तुम्हाला?"

"कशाचा? खोटं कुठं हाय त्यात." त्यांनी पाय वर घेतले. "पर एके ठिकाणी चुकलीस. माझी लै कीव केलीस तू. एक ओळ दिली, एक ओळ दिली म्हणून. अगं, ती एक ओळ बी मला न सांगता घातली त्यांनी. आख्खं प्रकरण हुतं माझ्यावर. मला बसवून वाचून दाखवलं. त्यात मी चुलीपाशी रडतोय, त्यांच्या पायाला हात लावतोय, दागिनं काढून देतोय. मी कवा रडलो? दागिनं मी दिलं न्हाईत, मागितलं तवा भांडून ठेवून घेतलं. म्हटलं, हे जर छापलं तर मी माहेरी जातो, आनि गावाला सांगून जातो का गेलो ते. तवर छापून झालतं. मग छापखान्यात जाऊन पानं काढाय लावली."

"ती सोळा पानं," मी म्हटलं.

"किती हुती मी मोजली न्हाईत. चुलीत घातली. पाणी तापलं." त्या जराही हसल्या नाहीत. आख्ख्या जिल्ह्यात या लेखकाचा सगळ्यात जास्त तिटकारा आपल्यालाच आहे अशी माझी समजूत होती, आणि इथे ही बाई त्याच्या पुस्तकातून बाहेर पडून कधीच मोकळी झाली होती.

"आता मला सांग," त्या म्हणाल्या, "लगीन करून आलीस तर दुसरा खंड लिवशील का जाळशील?"

मी विचार केला. "जाळीन."

"तेच वाटलं मला. माझा ल्योक वाईट न्हाय, पर बापाम्होरं त्याचं तोंड उघडत न्हाय. त्याला सोशिक बायकू पायजे. तू आलीस तर माझ्या घरात रोजची जाळपोळ. मला आता या वयात ते नको."

त्या बाहेर आल्या, हुग्गीची वाटी हातात घेतली आणि अण्णांना पेढीवरून वर बोलावून घेतलं. "पावणं, एक घोटाळा झालाय. आमच्या सासऱ्यांचं घर आनि तुमच्या वडलांचं घर, मागनं एकच निघालंय. भाऊपण लागतंय. पोरं भैन-भाऊ हुतात."

अण्णा अव्वानं दिलेली वाटी हातात तशीच धरून उभे राहिले. "कुठलं म्हणं हे?"

"नेसरीकडलं."

"नेसरीत आमचं कोण न्हाय."

"आता हाय," गंगाक्का म्हणाल्या आणि हुग्गीत तूप मागितलं.

आमच्यात भाऊपण निघालं म्हटलं की त्यावर कुणी बोलत नाही. खरंखोटं करायला गेलं तर नातंच नाकारल्यासारखं होतं, आणि नातं नाकारणं हे लग्न मोडण्याहून वाईट. अण्णांना ते पटलं नव्हतं हे स्पष्ट दिसत होतं. पण त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे, आणि खाली बसले. त्यांना वाईट वाटलं होतं. त्यांचा पडलेला चेहरा बघून मलाही वाईट वाटलं, आणि त्याच वेळी फार हलकंही वाटलं. आप्पासाहेबांना काय सांगितलं, असं अव्वानं हळूच विचारलं. गंगाक्का म्हणाल्या, "जमत न्हाय असा मठातनं निरोप आलाय म्हणून सांगितलंय. परीक्षण छापून झालंय, आता त्यास्नी लगीन मोडल्याचं काय वाटत न्हाय." जाताना अव्वानं त्यांना खण-नारळ दिला. अण्णा मला म्हणाले, "काकूला स्टँडवर सोडून ये." नातं लागू झालं होतं.

स्टँड आमच्या घरापासून जवळच. आम्ही दोघी चालत गेलो. मला त्यांचे आभार मानायचे होते, आणि मी वाटेत बरंच बोलले. आता एम.ए. करणार, मोठ्या पेपरांत लिहिणार, या सगळ्या ढोंगी लेखकांची एकेक करून सालं काढणार, कुणाला म्हणून सोडणार नाही, असं काहीबाही. त्या ऐकत होत्या. वडगावची गाडी लागलेली नव्हती. फलाटावरच्या बाकावर बसून त्यांनी पिशवी मांडीवर घेतली.

"एक इचारू?"

"विचारा की, अक्का."

"आमच्या ह्यांचं ते बुक तू समदं वाचलंस?"

"हो. परिशिष्टासकट. फोटोंखालच्या ओळीसुद्धा."

"आनि तुझ्या खोलीत ढीग लागलाय ती?"

"तीही सगळी."

"ती बी असलीच?"

"बहुतेक असलीच," मी म्हटलं, जरा अभिमानानंच.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आजवर लेखकांनी मला पत्रांतून, फोनवरून, भर सभेत नाही नाही ते म्हटलं आहे, पण तसं माझ्याकडे कुणी बघितलेलं नाही. आजारी पोरीकडे बघावं तसं त्या बघत होत्या.

"मला त्या माणसासंगं जल्म काढाय लागला, माझा इलाज न्हवता," त्या म्हणाल्या. "तुझ्यावर कुणी बळजबरी केलती, पोरी?"

गाडी लागली. त्या उठल्या, लोकांच्या रेट्यात कोपरानं वाट काढत वर चढल्या आणि खिडकीची जागा धरून बसल्या. उत्तराची त्यांना गरजच नव्हती. मी फलाटावर उभी होते. गाडी निघून गेली तरी माझे कान तापलेलेच होते.